मजुरीचा हक्क आणि पाण्याचा हिस्सा

रोजगार हमी म्हटली की महाराष्ट्राला १९७२चा दुष्काळ आठवतो. खडी फोडणाऱ्या बायका, सुकडी, अमेरिकेतून आलेली लाल मिलो. कल्पना मात्र त्या दुष्काळाच्या आधीची आहे आणि तिचा उगम आमच्याच पलूसच्या भागातला आहे. पलूस तेव्हा तासगाव तालुक्यात होते. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५मध्ये ही कल्पना मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्यापुढे मांडली आणि पुढे तिची पहिली चाचणी याच तालुक्यात, विसापूर परिसरात झाली.

कामे काढून मजुरी देणे यात नवे काही नव्हते. इंग्रजांच्या दुष्काळ संहितेतही ते होते. पण तिथे दुष्काळ आहे की नाही, हे सरकार ठरवायचे. आधी साहेबाने टंचाई मान्य करायची, मग काम निघायचे. पागेंनी हा क्रम उलटा केला. अंगमेहनत करायला तयार असलेल्या माणसाने काम मागायचे आणि सरकारने ते द्यायचे. गरज आहे की नाही, याचा निवाडा मजुराकडे आला. पुढची सगळी कलमे आणि परिपत्रके या एका फरकातून निघाली, असे मला वाटते.

हा फरक घटनेलाही पेलला नव्हता. साताऱ्यात शाळेची पायरी चढलेल्या डॉ. आंबेडकरांनी १९४७मध्ये ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात आर्थिक रचना थेट घटनेतच बांधून टाकावी, अशी मागणी केली होती. शेती राज्याच्या मालकीचा उद्योग असावी, ती गावकऱ्यांना जात न पाहता कसायला द्यावी, म्हणजे जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर हे भेदच राहणार नाहीत. हे काही झाले नाही. कामाचा हक्क कलम ४१मध्ये आला, पण मार्गदर्शक तत्त्व म्हणून, आणि तोही राज्याच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. कोर्टात जाऊन मागता येणार नाही असा हक्क.

१९७२-७३च्या दुष्काळाने कुवतीचा हा प्रश्न बाजूला सारला. ऐन उन्हाळ्यात जवळपास ५० लाख माणसे कामांवर होती. एवढ्यांना काम देता येते हे दिसल्यावर जमत नाही असे म्हणायला तोंड उरले नाही. पैशासाठी १९७५मध्ये व्यवसाय कर आला. मुंबईतल्या पगारदाराच्या खिशातून महिन्याला काही रुपये निघून माणदेशातल्या मस्टरवर पोचू लागले. या राज्यात शहराने खेड्याचे देणे इतके उघडपणे क्वचितच मान्य केले असेल. कायदा १९७७मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून अमलात आला. देशपातळीवर तसा कायदा व्हायला २००५ उजाडले.

इथवर ही कहाणी अभिमानाची आहे, आणि आम्ही ती तशीच सांगतो. पण त्या मजुरीतून उभे काय राहिले? नालाबंडिंग, पाझर तलाव, बांधबंदिस्ती. तलाव भरला की पाझर ज्याच्या विहिरीला लागला तो बागायतदार झाला. ज्या बाईने पाट्या वाहिल्या तिला हप्त्याचा पगार मिळाला आणि ती पुढच्या कामाच्या शोधात निघाली. १९९०मध्ये फळबाग लागवड रोजगार हमीशी जोडली गेली, तेव्हा तर खासगी रानात झाडे लावायला हाच पैसा वापरता येऊ लागला. शेतकऱ्याला ते हवेच होते, त्यात वावगे नाही. पण गरिबी हटवणारी योजना विषमता वाढवूही शकते, हे आपण मोकळेपणाने बोललो नाही. कामाच्या हक्काने चूल पेटते. त्या कामातून वाढलेल्या संपत्तीत मात्र मजुराचा वाटा नसतो.

या प्रश्नाला हात घातला गेला तो येरळेच्या काठी. ही नदी खटावातून येते आणि पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला कृष्णेला मिळते. वरच्या अंगाला खानापूर तालुक्यात मुंबईच्या गिरणी संपानंतर गावी परतलेले कामगार आणि शेतकरी मुक्तिसंघर्ष चळवळीत एकत्र आले. नदीतली वाळू ठेकेदार उपसून नेत होते. लोक म्हणाले, आमच्या नदीची वाळू आम्ही विकू आणि त्या पैशातून धरण बांधू. बलवडी आणि तांदुळवाडीचे बळीराजा स्मृती धरण असे उभे राहिले. आकाराने ते लहान आहे. त्याचा नियम मोठा होता: पाणी जमिनीच्या एकरावर वाटायचे नाही, कुटुंबावर वाटायचे, भूमिहीनालाही हिस्सा द्यायचा, आणि त्या पाण्यावर ऊस घ्यायचा नाही. पुरंदरमध्ये विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने असेच काही आधी करून पाहिले होते. नव्वदच्या दशकात नागनाथअण्णा नायकवडी आणि भारत पाटणकर यांनी समन्यायी पाणीवाटपाची मागणी आटपाडीपासून दुष्काळी तालुक्यांत नेली.

ताकारी, टेंभू या उपसा योजनांचे पाणी चढले ते या रेट्यामुळेही, आणि त्याने कितीतरी जिरायत रान भिजले. पण वाटपाचा नियम मागे पडला. भिलवडी-अंकलखोपच्या कृष्णाकाठी ऊस आधीपासून होता, आता तो माळावरही दिसतो. बाहेरून आलेल्या टोळ्या तो तोडतात. रोजगार हमीच्या जॉबकार्डाला माणसाचे नाव आणि फोटो लागतो. पाणी मागणीच्या अर्जाला आजही जमिनीचा गट नंबर लागतो.