बेवारसाचा वारस

बेंगळुरूत कृष्णराजेंद्र बाजाराच्या शेजारी, टिपूच्या किल्ल्यापासून हाकेच्या अंतरावर, व्हिक्टोरिया रुग्णालय १९०० सालापासून उभे आहे. १९५५ साली सुरू झालेले बेंगळुरूचे वैद्यकीय महाविद्यालय त्याच्याशीच जोडलेले आहे. पुढील काळात या नगरात अनेक वैद्यकीय महाविद्यालये निघाली आणि सोलापूर, कोल्हापूर, बेळगावकडची मराठी मुलेही तेथे शिकावयास येऊ लागली. महाविद्यालय कोणतेही असो, पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याचे दिवस मुख्यतः दोन दालनांत जातात. एकात शरीराची रचना शिकवली जाते, दुसऱ्यात शरीराची क्रिया. ही दोन दालने केवळ दोन शास्त्रांची नाहीत. त्यांच्यात एक नैतिक अंतरही आहे, आणि ते सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

शरीरक्रियेच्या दालनात विद्यार्थी स्वतःच अभ्यासाचा विषय असतो. तो आपल्याच बोटाला सुई टोचतो आणि आपल्याच रक्ताच्या थेंबातील पेशी सूक्ष्मदर्शकाखाली मोजतो. सोबत्याच्या दंडाला पट्टा बांधून रक्तदाब पाहावयाचा तर आधी त्याला विचारावे लागते. तो नको म्हणू शकतो, आणि उद्या आपलाही दंड पुढे करावा लागणार हे दोघांनाही ठाऊक असते. येथे देणे आणि घेणे एकाच पातळीवर चालते. शरीररचनेच्या दालनात मात्र फॉर्मॅलिनचा उग्र वास असतो, टेबलावर एक देह असतो, आणि त्या देहाला कोणी काही विचारलेले नसते. तो घट्टे पडलेला तळहात, त्या भेगाळलेल्या टाचा बरेच काही सांगतात. त्या माणसाचे नाव तेवढे सांगत नाहीत.

हे देह येतात कोठून, याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात आहे. एडिंबरोत १८२८ साली दोघांनी सोळा जणांचे खून करून त्यांची प्रेते एका शरीररचनाशास्त्रज्ञाला विकल्याचे उघडकीस आले. त्यानंतर १८३२ साली ब्रिटनने कायदा केला. अनाथगृहांत आणि रुग्णालयांत मरण पावलेल्या ज्या माणसांच्या प्रेतांवर कोणी हक्क सांगणार नाही, ती विच्छेदनासाठी देता येतील, असे त्याने ठरविले. खून थांबले, परंतु अभ्यासासाठी कोणाचा देह लागणार याचा निर्णय दारिद्र्यावर सोपवला गेला. मुंबई राज्याचा १९४९ चा आणि म्हैसूर राज्याचा १९५७ चा शरीररचना कायदा याच विचाराचे वंशज होत. या सर्वांच्या मुळाशी एकच कल्पना आहे: बेवारस.

हा शब्द मराठीत आणि कन्नडमध्ये एकाच वाटेने आला. मराठीत तो पोलिसांच्या पंचनाम्यात आणि बसस्थानकावरच्या सामानासंबंधीच्या सूचनेत भेटतो. बेंगळुरूच्या रस्त्यावर ‘बेवार्सी’ ही चक्क शिवी आहे. ज्याला मागे कोणी नाही तो माणूस हिणवण्याजोगा, हे या शिवीने स्पष्टपणे बोलून दाखविले. कायद्याने तेच सभ्य भाषेत मांडले.

यावर एक आक्षेप सहज सुचतो, आणि तो दुबळा नाही. मृताला वेदना नाही, लाज नाही, इच्छाही उरलेली नाही. जो देह अन्यथा मातीत गेला असता, त्याच्यापासून शंभर डॉक्टर शिकले आणि त्यांनी हजारो रोगी वाचविले, तर अन्याय झाला तो कोणावर? मृतावर झाला नाही, हे क्षणभर मान्य करू. परंतु जिवंतांचे काय? पदपथावर झोपणाऱ्या माणसाला, गाव सोडून बांधकामावर आलेल्या मजुराला आपले मरण कसे होईल याची कल्पना असते. सधनाचा देह अग्नीला किंवा मातीला मिळेल आणि आपला मात्र मिळेलच असे नाही, हे ज्याला जिवंतपणी कळते, त्याच्यावर अन्याय जिवंतपणीच झालेला असतो.

मग विच्छेदन सोडून द्यावे काय? तसे म्हणणे सोपे आहे आणि चुकीचेही. सुश्रुताने फार पूर्वीच हा प्रश्न एका बाजूने सोडविला. मृत देह गवताने वेढून, पिंजऱ्यात ठेवून, वाहत्या पाण्यात सात रात्री कुजू द्यावा. मग कुंच्याने हळूहळू त्वचेपासूनचे थर दूर करीत प्रत्येक अवयव डोळ्यांनी पाहावा, असे त्याने सांगितले. शास्त्र वाचलेले आणि डोळ्यांनी पाहिलेले, ही दोन्ही एकत्र आली की ज्ञान वाढते, ही त्याची धारणा होती. देह कसा असावा हेही त्याने सांगितले: सर्वांगांनी पूर्ण, विषाने न मेलेला, दीर्घ रोगाने न झिजलेला. तो कोणाचा असावा आणि त्याची संमती कोणी घ्यावी, हे मात्र त्या विवेचनात नाही. ज्ञानाची गरज तेव्हाही खरी होती, आजही आहे. राहून गेलेला प्रश्न तेवढा पुढच्यांच्या वाट्याला आला.

आजकाल अनेक महाविद्यालयांत पहिल्या दिवशी विद्यार्थी देहापुढे हात जोडतात आणि त्याला आपला पहिला गुरू म्हणतात. भावना चांगली आहे. शब्द मात्र तपासून पाहावा असा आहे. गुरू स्वेच्छेने देतो. ज्याने देहदान केले त्याला गुरू म्हणणे सार्थ होय. बेळगावचे उदाहरण प्रसिद्ध आहे. बैलहोंगलचे वैद्य डॉ. बसवण्णेप्पा रामण्णवर २००८ साली निवर्तले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांचा देह जतन करण्यात आला आणि २०१० च्या नोव्हेंबरात त्यांचे पुत्र, शरीररचनेचे अध्यापक डॉ. महांतेश रामण्णवर यांनी विद्यार्थ्यांसमोर स्वतः त्याचे विच्छेदन केले. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. परंतु नैतिक दृष्टीने यात गुंतागुंत कोठेच नाही. देणारा होता, त्याची इच्छा होती आणि शस्त्र हाती घेणारा त्याचा वारस होता. बेवारस देहाच्या बाबतीत यांपैकी काहीच नसते. न विचारता घेतलेल्याला दान म्हटले की घेणाऱ्याचे मन हलके होते. मात्र त्यामुळे ऋण फिटत नाही. ते दिसेनासे होते, एवढेच.

तेव्हा गुरुशिष्याच्या नात्यापेक्षा वेगळे नाते शोधावे लागेल, आणि ते त्या हिणकस शब्दातच दडलेले आहे. त्या माणसाने मागे काहीच ठेवले नाही, हे खरे नाही. त्याने एक देह ठेवला, आणि त्या देहातील सारे ज्ञान विद्यार्थ्याने घेतले: दंडातील मज्जातंतूंचे जाळे, हृदयाच्या झडपा, यकृताखाली दडलेले पित्ताशय. ही मिळकत ज्याने घेतली तो त्या माणसाचा वारस झाला. मग जो वारसा घेतो त्याने ऋणही फेडावे, हा याज्ञवल्क्याच्या स्मृतीइतका जुना न्याय त्यालाही लागू होतो. ज्यांना पुत्र नाही, बांधव नाही, अशांसाठीही तर्पणात एक ओंजळ सोडण्याची रीत आहे. वारस नसलेल्यांचे देणे सर्वांवर असते, ही जाण त्या रीतीमागे असली पाहिजे.

हे ऋण मृताला परत करता येत नाही. ते त्याच्यासारख्यालाच परत करता येते, आणि त्यासाठी फार दूर जावे लागत नाही. विच्छेदनाच्या टेबलापासून रुग्णालयाच्या सर्वसाधारण कक्षापर्यंतचे अंतर विद्यार्थी थोड्याच वर्षांत ओलांडतो. तेथे एखाद्या रात्री पोलीस एका माणसाला आणून टाकतात. सोबत कोणी नसते, भाषाही कळत नाही, अंगाला वास येत असतो. केसपेपरवर नावाच्या जागी ‘अनोळखी’ असे लिहून मोकळे होणे सोयीचे असते आणि कोणी जाब विचारणारही नसते. अशा वेळी त्या तरुण डॉक्टरने खाटेशेजारी बसून, लागल्यास कक्षातील आयाला दुभाषी करून, त्याचे नाव आणि गाव विचारावे. ते कागदावर लिहावे. पहिल्या वर्षी टेबलावरच्या देहाला जे कोणी विचारले नाही, ते निदान येथे विचारले जाईल.