उघडं दार, लावलेली कडी

डोंबिवलीतल्या आमच्या चाळीत दारं दिवसभर उघडी असायची. विरजण न्यायला कुणी विचारत नसे. म्हणून वायफायला पासवर्ड घालताना अपराधी वाटलं. हा कद्रूपणा तर नव्हे?

मग सानपाड्याची घटना आठवली. २६ जुलै २००८ला अहमदाबादच्या स्फोटांआधी काही मिनिटं धमकीचा ईमेल गेला, तो सानपाड्यातल्या एका भाडेकरूच्या उघड्या वायफायवरून. दोष नसताना संशय त्याच्यावर आला.

आपलं दान कुणाच्या हाती पडतं, याची जबाबदारी देणाऱ्यावरही असते. मी राउटरचा मूळचा ॲडमिन पासवर्ड बदलला, वायफायला डब्ल्यूपीए२ सुरक्षा लावली. शेजारच्या काकूंच्या नातीचा अभ्यास अडू नये म्हणून वेगळं गेस्ट नेटवर्क काढलं आणि पासवर्डची चिठ्ठी स्वतः त्यांच्या हातात नेऊन दिली.