भयानें राखलेलें रान

सत्कृत्याची योग्यता त्यामागच्या हेतूवरून ठरवावी कीं त्याच्या परिणामावरून, हा नीतिशास्त्रांतला वाद जुना आहे, आणि वर्गांत तो शिकवितांना आम्हांस कधीं अडचण पडली नाहीं. एका बाजूस कांट, दुसऱ्या बाजूस मिल. दोघांचीं मतें फळ्यावर मांडावयाचीं, दोन्ही पक्षांतील बळकट व लंगड्या जागा दाखवावयाच्या, आणि घंटा झाली म्हणजे वाद जेथल्या तेथें ठेवून बाहेर पडावयाचें. परंतु गेल्या मार्गशीर्षांत भीमाशंकराच्या डोंगरांत चार दिवस राहण्याचा योग आला, आणि तेथल्या एका वाळक्या काठीनें हा मिटलेला वाद पुन्हां उकरून काढला.

मंचर सोडून पश्चिमेस वळलें कीं घोडेगांवपर्यंत बागाइतीचा मुलूख लागतो. ऊस, बटाटा, कांदा यांचीं शेतें, पंपांचा आवाज, मालानें भरलेले ट्रक. सर्व कांहीं माणसाच्या उद्योगाची साक्ष देणारें. पुढें डिंभ्याच्या धरणाचें पाणी दिसूं लागतें, आणि रस्ता जसजसा चढत जातो तसतशीं शेतें लहान होत जातात. भाताचीं खाचरें कापून मोकळीं झालीं होतीं, खळ्यांवर पेंढ्यांच्या उडव्या रचलेल्या होत्या, आणि उतारांवर जागोजाग हिरड्याचीं झाडें उभीं होतीं. हा महादेव कोळ्यांचा प्रदेश. भात, नाचणी आणि हिरडा यांवर त्यांचें वर्ष निघतें. जें निघत नाहीं तें त्यांचीं मुलें शहरांत राबून भागवितात.

भीमाशंकर सुमारें तीन हजार फुटांच्या उंचीवर आहे. रस्ता वरच्या अंगास संपतो आणि देवळाकडे बऱ्याच पायऱ्या उतरून जावें लागतें. बारा ज्योतिर्लिंगांपैकीं हें एक. देवळाचें शिखर नाना फडणिसांनीं बांधविलें. येथें उगम पावणारी भीमा पंढरपुरास चंद्रभागा म्हणून ओळखली जाते आणि पुढें कृष्णेस मिळते. परंतु आमच्या मतें या स्थळाचें खरें वैभव भोंवतालचें रान हेंच होय. अंजनी, जांभूळ, आंबा, हिरडा यांच्या फांद्या एकमेकींत इतक्या गुंतलेल्या कीं दुपारींही खालीं संध्याकाळ वाटावी. त्या हिरव्या छतावरून शेकरू धांवतें. तांबूस अंगाची, झुपकेदार शेपटीची ही मोठी खार झाडावरून झाडावर उडी घेत जाते आणि जमिनीवर क्वचितच उतरते. म्हणून छत तुटलें कीं तिचा रस्ताच तुटतो. महाराष्ट्रानें तिला राज्यप्राण्याचा मान दिला असून, १९८५ सालीं येथील सुमारें १३१ चौरस किलोमीटर प्रदेश अभयारण्य म्हणून जाहीर झाला.

देवळाच्या वाटेवर मात्र जें दिसलें त्यानें मन विटलें. पायऱ्यांच्या दोन्ही अंगांस रिकाम्या बाटल्या, पिशव्या, द्रोण यांचा खच पडला होता. तो टाकणारे नास्तिक नव्हते. लांबून, कष्ट सोसून, भक्तीनें आलेलीं तीं माणसें होतीं. देवापुढें डोळे मिटून उभीं राहतांना त्यांच्यांपैकीं कित्येकांचीं आसवें आम्हीं पाहिलीं.

तिसऱ्या दिवशीं एका वृद्ध महादेव कोळ्यास सोबत घेऊन आम्ही जवळच्या वाडीची देवराई पाहावयास गेलों. वाटेंतल्या झाडांच्या फांद्या राबासाठीं छाटलेल्या होत्या; भाताचें रोप टाकण्यापूर्वीं जमीन भाजावयास त्या लागतात. एकाएकीं ती छाटणी थांबली. भिंत नाहीं, तार नाहीं, पाटी नाहीं. परंतु जणूं कोणी रेघ ओढावी त्याप्रमाणें एका पावलावर कुऱ्हाडीचें राज्य संपलें आणि दुसऱ्या पावलावर दाट सांवली सुरू झाली. आंत शेंदूर लावलेला एक दगड, मोठमोठे वेल, आणि पायाखालीं वर्षानुवर्षें पडून कुजलेल्या पानांची गादी. आमचा गुडघा दुखत होता, म्हणून खालीं पडलेली एक वाळकी काठी आम्हीं उचलली.

म्हातारा थांबला. "ती तिथंच राहू द्या, गुरुजी."

"पडलेलीच आहे. कोणी तोडली नाहीं."

"पडली तरी देवाची हाय."

आम्हांस कुतूहल वाटलें. देवाच्या कोपाची एखादी कथा आतां ऐकावयास मिळेल, असें वाटून आम्हीं विचारलें, "नेली तर काय होईल?"

तो जरा हंसला. "काय व्हायचंय? काय बी न्हाई होत. पर न्यायची न्हाई."

आम्हीं काठी खालीं ठेविली. त्याच्या त्या उत्तरानें मात्र आम्हांस पंचवीस वर्षें मागें नेलें, आणि तें स्मरण सुखाचें नव्हतें.

आम्ही तेव्हां नव्या दमाचे अध्यापक होतों. महाविद्यालयाचें श्रमशिबिर एका खेड्यांत भरलें होतें. गांवाच्या शिवेवर लहानशी राई होती, आणि तेथली फांदी मोडणाऱ्याच्या घरांत वर्षाच्या आंत मरण येतें असा गांवाचा समज होता. एका सायंकाळीं अंधश्रद्धेवर आमचें व्याख्यान झालें. तें रंगलें, आणि नुसत्या शब्दांवर न थांबतां आम्हीं एका धीट विद्यार्थ्याकडून सर्वांच्या देखत एक हिरवी फांदी मोडवून घेतली. पोरांनीं टाळ्या वाजविल्या. म्हातारीं माणसें मुकाट्यानें उठून गेलीं. विद्यार्थ्यास त्या रात्रीं कांहीं झालें नाहीं, पुढें वर्षभरांतही झालें नाहीं. सत्याचा जय झाला, असें आम्हांस वाटलें.

सहासात वर्षांनीं त्याच गांवीं पुन्हां जाणें झालें. राईच्या जागीं फरशी घातलेलें मोठें अंगण, सिमेंटचें नवें देऊळ, आणि कोपऱ्यांत तीन झाडें. झाडें विकून देवळाचा खर्च भागविला होता. तेव्हांच्या पोरांपैकीं एक जण आतां गांवचा कारभारी झाला होता. त्यानें आम्हांस ओळखलें, चहा पाजला, आणि मोठ्या आदरानें म्हणाला, "सर, तुम्हीच दाखवलंत, काही होत नाही म्हणून!" त्याच्या बोलण्यांत उपरोध नव्हता, कृतज्ञता होती. उपरोध असता तर तो सोसणें सोपें गेलें असतें.

सगळा दोष आपल्याकडे ओढून घेणें हाही एक प्रकारचा अहंकारच आहे. गांवांत रस्ता आला होता, लांकडाचा व्यापारी आला होता, गांवास पैशाची नड होती. आमच्या व्याख्यानावांचूनही ती राई कदाचित् गेली असती. परंतु पहिली फांदी आमच्या सांगण्यावरून मोडली गेली, हें खोटें नाहीं.

आतां वादाकडे वळूं. कांटनें १७८५ सालच्या आपल्या ग्रंथांत एका दुकानदाराचें उदाहरण दिलें आहे: गिऱ्हाईक तुटूं नये म्हणून जो योग्य भावानें विकतो, त्याचें वर्तन कर्तव्याला धरून असलें तरी त्याला नैतिक मोल नाहीं. या न्यायानें कोपाच्या भयानें राखलेल्या राईचें पुण्य शून्य. उलट १८६१ सालीं मिलनें असें प्रतिपादिलें कीं, बुडणाऱ्यास वांचविणारा इसम कर्तव्यबुद्धीनें वांचवो कीं बक्षिसाच्या आशेनें, कृत्य योग्यच ठरतें. हेतूवरून फार तर त्या माणसाची पारख होते. या न्यायानें राई राहिली एवढें पुरे. आमच्या व्याख्यानाच्या वेळीं आम्ही कांटचे शिष्य होतों, आणि तीं तीन झाडें पाहिल्यावर मिलचे झालों.

परंतु त्या म्हाताऱ्याचें उत्तर दोघांच्याही चौकटींत बसत नाहीं. त्याला भय नव्हतें. कांहीं होत नाहीं हें त्यास आमच्याइतकेंच ठाऊक होतें. लाभाचा हिशेबही त्यानें सांगितला नाहीं. त्याच्यापाशीं उरला होता तो निव्वळ नियम: न्यायची नाहीं. राई ही एका माणसाची कृति नव्हे, पिढ्यांची आहे. कोणी ती भयानें राखली असेल, कोणी संवयीनें, कोणी प्रेमानें. पिढीगणिक हेतु बदलले, नियम राहिला. कमान बांधतांना गवंडी खालून लांकडी आधार देतात. चुना पक्का झाला म्हणजे आधार काढला तरी कमान उभी राहते. भय हा तसा आधार होता. या म्हाताऱ्याच्या मनांत कमान पक्की झाली होती. त्या दुसऱ्या गांवांत ती पक्की झाली आहे कीं नाहीं हें न पाहतां आम्हीं आधाराला लाथ मारली. आम्हीं सांगितलें तें खोटें नव्हतें, अपुरें होतें. "कांहीं होत नाहीं" हें सांगून झाल्यावर "तरीही न्यायची नाहीं" हें सांगण्यास आम्ही तेथें थांबलों नाहीं.

येथें एक रास्त आक्षेप येतो. जुन्या नियमांचा असा गौरव करूं लागलों तर आणखी कशाकशाचा गौरव करावा लागेल? ज्या भयानें रान राखलें त्याच भयानें माणसें देवळाबाहेर राखलीं. नाशिकच्या काळारामाच्या दारीं १९३० सालीं सत्याग्रह करावा लागला, तो अशाच एका "यायचें नाहीं" विरुद्ध. कित्येक रायांत आजही बायकांना मज्जाव आहे. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे, आणि त्याचें उत्तर भूतकाळाच्या स्तुतीनें देतां येत नाहीं. मात्र दोन प्रकारचे नियम वेगळे ओळखण्याची एक खूण आम्हांस सुचते. जो नियम करणाऱ्यालाही बांधतो तो एक. जो करणाऱ्याला मोकळा ठेवून दुसऱ्यालाच बांधतो तो दुसरा. "येथून कोणीं कांहीं न्यायचें नाहीं" हा पाटलासही आहे, भगतासही आहे. "तूं आंत यायचें नाहींस" हा फक्त समोरच्यास आहे. पहिला संयम, दुसरा जुलूम. बायकांना रोखणारा मज्जाव या कसोटीस उतरत नाहीं, आणि तो गेल्यानें राईचें एक पानही कमी होणार नाहीं.

हीच कसोटी कायद्यालाही लावून पाहावी. १८६४ सालीं सरकारी वनखातें स्थापन झालें. १८७८ व १९२७ च्या कायद्यांनीं रानें राखीव झालीं. परंतु गांवकऱ्याच्या मोळीवर नजर ठेवणारें तेंच सरकार आगगाडीच्या रुळांखालीं घालावयास लांकूड तोडून नेत होतें. नियम दुसऱ्यांस होता, म्हणून तो त्यांस परका वाटला. २००६ च्या वनहक्क कायद्यानें रानांत राहणाऱ्यांचे हक्क मान्य केले, तेव्हां हा अन्याय कांहींसा तरी दूर करण्याची वाट खुली झाली. भक्तीचीही तीच गत. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनीं १९७० नंतरच्या दशकांत आपल्या देवरायांचा अभ्यास करून त्यांचें महत्त्व जगापुढें मांडलें. परंतु देव झाडांतून उठून गाभाऱ्यांत बसला कीं भक्ति वाढते आणि राई जाते, हें आम्हीं त्या खेड्यांत डोळ्यांनीं पाहिलें. श्रद्धा तेथें कमी झाली नव्हती. तिच्यांतला स्वतःला बांधणारा भाग तेवढा गळला होता. भीमाशंकराच्या पायऱ्यांवरचा खचही तेंच सांगतो.

आणि आम्ही सुशिक्षित? रानावर आमचें प्रेम आहे, शेकरूचें शास्त्रीय नांव आम्हांस पाठ आहे, पर्यावरणावर आम्ही तासभर बोलूं शकतों. परंतु जी वस्तु सहज घेतां येईल, घेतल्यास कोणी विचारणार नाहीं, आणि कांहीं होणारही नाहीं, तरी जी आम्ही घेत नाहीं, अशा वस्तु आमच्या आयुष्यांत किती आहेत? बोटांवर मोजूं लागलों तेव्हां पहिल्या बोटापाशींच आम्ही बराच वेळ थांबलों. ज्ञानानें भय घालविलें हें योग्यच झालें. परंतु जो दुसऱ्याचें भय सोडवितो, त्यानें त्या जागीं तितकाच बळकट असा एखादा नियम प्रथम स्वतःस लावून दाखविला पाहिजे. नाहीं तर त्याचें ज्ञान कुऱ्हाडीस धार लावण्यापुरतेंच उरतें.

राईंतून उतरतांना गुडघ्यानें पुष्कळ त्रास दिला. म्हाताऱ्यानें तें पाहिलें आणि रेघेच्या बाहेर आल्याबरोबर छाटलेल्या फांद्यांतून एक चांगली जाड काठी निवडून आमच्या हातीं दिली. "ही घ्या," तो म्हणाला, "ही आपली हाय."