पेटीतला तळाचा आंबा

आंब्याची पेटी घेताना आमचे आजोबा वरच्या फळांकडे बघतसुद्धा नसत. गवतात मनगटापर्यंत हात घालून तळाचा आंबा काढायचा, देठाशी हुंगायचा आणि मगच भाव विचारायचा. वर टपोरी फळं आणि खाली बारकी, ही लबाडी ऑनलाइन दुकानांच्या कितीतरी आधीची. त्यामुळे पूर्वीचा व्यापार सचोटीचा होता, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. फक्त तेव्हा पेटीत हात घालता येत होता.

आता मोबाइलवर दिसतं ‘अस्सल देवगड हापूस, १ डझन’. यातला एकही शब्द खोटा नसेल. पण डझनभर कसले? बाजारात पेटी ४ डझनी की ६ डझनी, यावर भाव ठरतो. पेटी तेवढीच, फळ मात्र लहान होत गेलेलं. फोटोतल्या आंब्याशेजारी ना कुणाचा हात असतो ना वाटी. मग २०० ग्रॅमचं फळही ३००चं भासतं. नावाचंही तेच. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांसाठी. त्याच नावानं खपवलं जाणारं कर्नाटकातलं फळ वाईट असतं असं नव्हे. स्वतःच्या गावाचं नाव सांगून आलं तर मी आनंदानं घेईन.

राहिले तारे. २०१७ साली लंडनमध्ये ऊबा बटलर नावाच्या पत्रकारानं आपल्या अंगणातल्या शेडला ‘द शेड ॲट डलिच’ हे नाव देऊन ट्रिपॲडव्हायझरवर उपाहारगृह म्हणून नोंदवलं. मित्रांकडून खोटे अभिप्राय लिहवून घेतले, दाढीचा फेस वगैरे वापरून पदार्थांचे फोटो काढले. काही महिन्यांत, एकही ताट न वाढता, ती शेड शहरातल्या उपाहारगृहांच्या यादीत पहिली आली. असे प्रकार रोखायला आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोनं २०२२मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक आणलं: लिहिणारा खरा आहे का ते तपासा, पैसे देऊन लिहवून घेतलेलं छापू नका. चांगलंच झालं.

पण मला जास्त छळतात ते खरे अभिप्राय. हापूस घरी येतो तो कच्चा. ‘पॅकिंग उत्तम, वेळेवर आला’ हे लोक त्याच संध्याकाळी लिहून मोकळे होतात. आंबा अढीत पिकायला आणखी चार-सहा दिवस लागतात. हापूसची जुनी खोड म्हणजे साका. वरून फळ केशरी, घमघमणारं, आणि कापल्यावर आत पांढुरका, भुसभुशीत गर. तो बाहेरून कळत नाही, बागायतदारालाही नाही. म्हणजे ते शेकडो तारे आंब्याला नव्हेतच, खोक्याला आहेत. लिहिणारा खरा, पैसे भरलेले, माल पोचलेला. मानकाच्या कसोटीला सगळं उतरतं. फक्त आंबा कुणी खाल्लेला नाही.

गेल्या मोसमात मीही एका ठिकाणाहून १ डझन मागवला. खोकं आलं, आत नवं कोरं गवत, वास असा की शेजारच्या वहिनी विचारायला आल्या. पोचवणाऱ्या पोराचा पाय दारातून निघायच्या आत मी पाच तारे देऊन टाकले. आठवड्यानं कापले तर १२पैकी ५ फळांत साका. विकणाऱ्याला फोन केला नाही, तारेही काढले नाहीत. ते अजून तिथंच आहेत, माझ्या नावासकट.