आहे त्या आवाजात

कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताच्या उत्तर भागात टिमिन्स नावाचं सोन्याच्या खाणींचं गाव आहे. १९७०च्या दशकात तिथे आयलीन नावाची एक मुलगी वाढत होती. गाव सोन्याचं असलं तरी तिच्या घरात पैशाची कायम चणचण. पाच भावंडं, सावत्र वडील ओजिब्वे या आदिवासी समाजातले, कमाई बेभरवशाची. शाळेच्या डब्यात कधी कधी पावाच्या दोन कापांमध्ये मोहरीच्या सॉसखेरीज काही नसायचं.

मुलीचा गळा मात्र फार चांगला होता आणि तो आईने वेळीच ओळखला. आठ वर्षांची असल्यापासून आयलीन गावातल्या बारमध्ये गायला जाऊ लागली. मध्यरात्री दारूची विक्री बंद झाली की झोपेतून उठवलेली ही पोर धुराने भरलेल्या खोलीत उभी राहायची आणि गायची. तिला ते वातावरण मुळीच आवडत नसे, पण चार पैसे घरात यायचे. तिला खरा आनंद मिळायचा तो गिटार घेऊन एकटीने बसण्यात आणि गाणी रचण्यात. दहाव्या वर्षापासून ती स्वतः गाणी लिहीत होती.

आयलीन बावीस वर्षांची असताना, नोव्हेंबर १९८७ मध्ये, तिच्या आईवडिलांच्या गाडीची लाकडाची वाहतूक करणाऱ्या ट्रकशी टक्कर झाली आणि दोघंही गेले. मागे धाकटे दोन भाऊ आणि एक बहीण. टोरांटोत गायिका म्हणून नशीब आजमावणारी ही मुलगी परत फिरली, भावंडांना घेऊन हंट्सव्हिलला आली आणि तिथल्या डिअरहर्स्ट रिसॉर्टमध्ये पर्यटकांपुढे गाऊन तिने घर चालवलं. भावंडं आपल्या पायावर उभी राहिल्यावरच ती अमेरिकेतल्या नॅशव्हिलला, कंट्री संगीताच्या राजधानीत, गेली. नाव घेतलं शनाया. शनाया ट्वेन.

१९९३ मध्ये तिचा पहिला अल्बम आला. त्यात तिच्या लेखणीचा हात जेमतेम एका गाण्याला लागला होता. बाकी सारी गाणी दुसऱ्यांची. अल्बम फारसा चालला नाही. पण तो रॉबर्ट जॉन लँग या निर्मात्याच्या कानावर पडला. हा माणूस एसी/डीसी आणि डेफ लेपर्ड यांच्यासारख्या रॉक बँडचे अल्बम घडवणारा. त्याने तिची स्वतःची गाणी ऐकून घेतली आणि ती जगापुढे यायला हवीत असं ठरवलं. त्याच वर्षाच्या अखेरीस दोघांनी लग्न केलं. पुढचा अल्बम दोघांनी मिळून केला. त्यातली बहुतेक गाणी दोघांच्या नावावर आहेत.

त्यानंतर जे घडलं ते कंट्री संगीतात तोवर कोणी पाहिलं नव्हतं. १९९७ मध्ये आलेल्या ‘कम ऑन ओव्हर’च्या जगभरात सुमारे ४ कोटी प्रती गेल्या. एका गायिकेच्या नावावरच्या, आजवर सर्वाधिक खपलेल्या अल्बमांपैकी तो एक. २००२ मध्ये ‘अप!’ आला, तोही तीन रंगांत. लाल तबकडीत पॉप, हिरवीत कंट्री, आणि निळीत तीच गाणी भारतीय ढंगाच्या साजात. ती निळी आवृत्ती बर्मिंगहॅमच्या सायमन आणि डायमंड दुग्गल या भारतीय वंशाच्या भावांनी सजवली होती. शनायाच्या सलग तीन अल्बमांनी अमेरिकेत प्रत्येकी १ कोटी प्रतींचा टप्पा ओलांडला. तिच्याआधी कोणत्याही गायिकेला हे साधलं नव्हतं.

आणि मग ती गप्प झाली.

याची सुरुवात एका गोचिडीपासून झाली. ‘अप!’च्या दौऱ्याच्या काळात व्हर्जिनिया राज्यात घोडेस्वारी करताना तिला गोचीड चावली. गोचिडीमार्फत पसरणारा लाइम नावाचा आजार तिला झाला. रंगमंचावर तिला भोवळ येऊ लागली, तोल जाऊ लागला, काही क्षण डोळ्यांपुढे अंधार दाटू लागला. समोर हजारो माणसं टाळ्या वाजवत असताना ती मंचाच्या कडेपासून दूर राहायची, कारण आपण खाली पडू याची तिला धास्ती होती. दौरा तिने पूर्ण केला. आजारावर उपचारही झाले. पण आवाज हळूहळू हातातून निसटत चालला.

आपल्या स्वरयंत्रात दोन स्वरतंतू असतात. बोलताना, गाताना ते एकमेकांजवळ येतात आणि फुफ्फुसातून वर येणाऱ्या हवेने थरथरतात. त्या थरथरीतून आवाज उमटतो. या तंतूंना हलवणाऱ्या नसा दुखावल्या की ते नीट मिटत नाहीत. हवा मधूनच निसटते, सूर धरवत नाही. मग घशाचे आणि मानेचे स्नायू ते काम आपल्या अंगावर घेतात आणि गळा आणखी आवळला जातो. डॉक्टर याला डिस्फोनिया म्हणतात. शनायाच्या बाबतीत हे सगळं त्या गोचिडीच्या आजाराने झालं होतं. पण ते कळायला बरीच वर्षं जावी लागली. तोवर तिलाही वाटत राहिलं की थकव्याने होत असेल, ताणाने होत असेल.

ताणाला कारणंही होती. ती स्वित्झर्लंडमध्ये राहत होती, मुलगा लहान होता. २००८ मध्ये तिला कळलं की नवऱ्याचे तिच्याच जवळच्या मैत्रिणीशी संबंध आहेत. संसार मोडला. ज्याच्याबरोबर तिने सगळी मोठी गाणी लिहिली, ज्याने तिचा आवाज जगाच्या कानात बसवला, तो माणूस आयुष्यातून गेला. आणि ज्या आवाजात तिने हे दुःख गाऊन हलकं केलं असतं, तो आवाजही उरला नव्हता.

आपण पुन्हा कधीच गाणार नाही, हे तिने त्या काळात मनाशी जवळजवळ मान्य केलं होतं. बाहेरच्या जगात वेगळीच चर्चा चालू होती. पैसा मिळाला, आता कशाला गाईल, असं कोणी म्हणे. नवऱ्याशिवाय तिला जमणारच नाही, असं कोणी म्हणे. तिच्या गळ्यात काय चाललं आहे हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं.

शनाया वाट पाहत होती, पूर्वीचा आवाज परत येण्याची. तो स्वच्छ, उंच चढणारा, सहज फिरणारा आवाज आला की मग गाऊ, असं म्हणत एकेक वर्ष सरत होतं. आणि आवाज काही येत नव्हता.

हळूहळू तिने वाट पाहणं सोडलं आणि छोटी छोटी कामं हाती घेतली. २०११ मध्ये आपली कहाणी पुस्तकात लिहिली. लायोनेल रिची या ज्येष्ठ गायकाने तिला आपल्या ‘एंडलेस लव्ह’ या जुन्या युगुलगीतासाठी बोलावलं. ती घाबरत गेली आणि गाऊन आली. गळ्याच्या व्यायामांसाठी तज्ज्ञांकडे जाऊ लागली. पूर्वी मंचावर उभं राहायचं आणि गायचं एवढंच असायचं. आता प्रत्येक कार्यक्रमाआधी गळा तापवण्यात बराच वेळ द्यावा लागे. २०१२च्या डिसेंबरपासून दोन वर्षं तिने लास व्हेगासच्या सीझर्स पॅलेसमध्ये कार्यक्रम केले. २०१५ मध्ये उत्तर अमेरिकेचा दौरा काढला आणि हा आपला शेवटचा दौरा असंही जाहीर केलं.

पण हे सगळं गाणं जुनं होतं. लोक जुन्या गाण्यांसाठी येत होते आणि जुन्या गाण्यांना टाळ्या देत होते. एखाद्या कलावंताने एवढ्यावर सुखाने दिवस काढले असते. शनायाला मात्र दहा वर्षांची असताना गिटार घेऊन बसणारी ती मुलगी स्वस्थ बसू देत नव्हती.

ती पुन्हा लिहायला बसली, आणि एकटीने बसली. दुसऱ्या कोणाला सहगीतकार म्हणून घेतलं असतं तर काम सोपं झालं असतं. नॅशव्हिलमध्ये चार जणांनी मिळून गाणं लिहिणं ही रोजची गोष्ट आहे. पण नवऱ्याच्या सोबतीने लिहायची सवय लागलेल्या या बाईला आपण एकट्याने काय लिहू शकतो हे एकदा पाहायचं होतं. नव्या अल्बमचं एकूण एक गाणं तिने स्वतःच लिहिलं. पहिल्या अल्बममध्ये जेमतेम एका गाण्याला हात लागलेली ही गायिका आता सगळ्या गाण्यांची एकटी धनी होती.

निर्माते तिने एक नाही, चार घेतले. रॉन अनिएलो, जेक गॉसलिंग, जॅक्वायर किंग आणि मॅथ्यू कोमा. सगळ्यांना तिचं एकच सांगणं होतं: माझे आधीचे अल्बम विसरून जा. ते कमी दर्जाचे होते म्हणून नव्हे. ज्या गळ्यासाठी ते केले होते तो गळा आता तिच्याकडे नव्हता. नवा आवाज खालच्या पट्टीत बसत होता, त्यात थोडा खरखरीतपणा होता. त्या आवाजाला जुन्या चालींचे कपडे घातले असते तर ते सैल पडले असते. तिने आवाजाच्या मापाने नव्या चाली शिवल्या. जिथे गळा पोहोचत नव्हता तिथे तो ओढून नेला नाही. जिथे सहज बसत होता तिथे त्याच्याकडून मनातलं सगळं म्हणून घेतलं. फसवणूक, एकटेपण, राग आणि त्यातून हळूहळू वर येणारा जगण्याचा उत्साह हे सगळं त्या गाण्यांत आलं.

२९ सप्टेंबर २०१७ रोजी हा अल्बम बाहेर पडला. नाव ‘नाऊ’, म्हणजे आता. ‘अप!’ला पंधरा वर्षं होत आली होती आणि शनाया ५२ वर्षांची होती. मधल्या काळात कॅसेटी गेल्या, सीडींची दुकानं बंद झाली, गाणी फोनवर आली, तिच्याबरोबर सुरुवात केलेल्या कितीतरी गायिका विस्मृतीत गेल्या. तरीही हा अल्बम अमेरिकेत, ब्रिटनमध्ये, कॅनडात आणि ऑस्ट्रेलियात पहिल्या क्रमांकावर आला.

गोष्ट इथेच थांबवली तर ती गोड वाटेल, पण अपुरी राहील. ‘नाऊ’ पहिल्या क्रमांकावर फार काळ टिकला नाही. ‘कम ऑन ओव्हर’च्या खपाच्या आसपासही तो गेला नाही. काही समीक्षकांनी त्याला नावाजलं, काहींना जुनी शनाया त्यात सापडली नाही. खपाचे आकडे पाहणाऱ्याला यात उतारच दिसेल. पण ज्या अल्बमांच्या कोट्यवधी प्रती गेल्या, त्यांच्यापैकी एकही तिने असा एकटीने लिहिला नव्हता.

आणि या एका पावलाने पुढची वाट उघडली. दौरा शेवटचा असं जाहीर करणारी शनाया २०१८ मध्ये नव्या अल्बमची गाणी घेऊन पुन्हा जगभर फिरली. त्याच वर्षी तिने गळ्यावर मोठी शस्त्रक्रिया करून घेतली. स्वरतंतूंना आधार देण्यासाठी आत रोपण बसवावं लागलं. शुद्धीवर आल्यावर आवाज फुटेल की नाही याची खात्री नव्हती. आवाज फुटला. २०२३ मध्ये पुढचा अल्बम आला. २०२४च्या जूनमध्ये इंग्लंडच्या ग्लॅस्टनबरी महोत्सवात, रविवारी दुपारी खास दिग्गजांसाठी राखून ठेवलेल्या वेळेत, टिमिन्सच्या त्या बारमध्ये गाणारी मुलगी अफाट जनसमुदायापुढे गायली.

या क्रमाकडे नीट पाहा. शस्त्रक्रिया २०१८ची आहे आणि अल्बम २०१७चा. म्हणजे आवाज दुरुस्त झाला म्हणून ती परतली नाही. आवाज दुखावलेला होता, तसाच घेऊन ती आधी परतली, आणि उपचार नंतर झाला. गळा पूर्वीसारखा होईपर्यंत थांबली असती तर कदाचित ती आजही थांबलेलीच असती.

आपल्यापैकी पुष्कळांची एखादी गोष्ट अशी मध्येच सुटलेली असते. कोणाचं गाणं मुलांच्या संगोपनात मागे पडलं, कोणाचा हात आजारपणानंतर पूर्वीसारखा चालत नाही म्हणून चित्रकला थांबली, कोणाचं लिखाण एका मोठ्या दुःखानंतर आटलं. जमेल तेव्हा बघू, असं आपण म्हणतो. आणि जमेल याचा आपल्या मनातला अर्थ, पूर्वीसारखं जमेल, असा असतो. पूर्वीचे दिवस परत येत नाहीत. पूर्वीचं वय, पूर्वीची माणसं, पूर्वीची ताकद यांपैकी काहीच परत येत नाही. त्यांची वाट पाहत बसलं की हाती असलेलंही वाया जातं.

म्हणून या कथेचं तात्पर्य एवढंच: जे गेलं त्याच्या मापाने जे उरलं आहे ते मोजू नका. आज जेवढा आवाज आहे तेवढ्यात बसेल असं गाणं रचा, आणि ते गायला आजच सुरुवात करा.