शुक्रवारचा रविवार

बेला मंडळातला माझा एक मित्र बारा वर्षं बहरीनमध्ये सेंट्रिंगचं काम करून गेल्या वर्षी आदिलाबादला परतला. मराठी घर, आजोबांच्या काळापासून ख्रिस्ती. तिकडे आठवड्याची सुट्टी शुक्रवारी, म्हणून तिथल्या ख्रिस्त्यांची रविवारची उपासनाही शुक्रवारीच. इस्त्रीचा एकुलता शर्ट घालायचा, दोन बस बदलून मनामाला जायचं आणि चर्चच्या आवारात तेलुगू मंडळींसोबत बसायचं. घरात मराठी, साइटवर हिंदी, प्रार्थना तेलुगूत. तो म्हणाला, "बारा वर्षांत मला जात कुणी विचारली नाही."

बहरीन म्हणजे मुस्लिम राजघराण्याचं बेट. इस्लाम हा तिथला राज्यधर्म. तरी 1903 पासून तिथे अमेरिकन मिशनचा दवाखाना आहे. 2021 मध्ये अवालीला मोठं कॅथेड्रल उघडलं, तेही राजे हमद यांनी दिलेल्या जमिनीवर. थोडी ख्रिस्ती कुटुंबं तर तिथली नागरिक आहेत. मालदीवही मुस्लिम बेटांचाच देश, पण तिथल्या 2008 च्या राज्यघटनेनुसार मुस्लिमेतराला नागरिकच होता येत नाही. धर्म एक, समुद्रही फार लांबचा नाही, आणि दोन देशांत इतकं अंतर. म्हणून 'मुस्लिम देशात ख्रिस्त्यांचं काय होतं' असं कुणी सरसकट विचारलं, की मी आधी देशाचं नाव विचारतो.

मला अडवतो तो शब्द वेगळाच: 'दिलेल्या'. राजाने दिलेली जमीन. आपल्या मुलखाला हा शब्द नवा नाही. आदिलाबाद 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होतं. राजा मुसलमान, बहुसंख्य प्रजा हिंदू आणि ख्रिस्ती मूठभर. त्याच राज्यात जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी बेथेल हे गाव वसवलं, तेही निजामाचे दिवाण सालारजंग यांच्या सरकारकडून जमीन मिळवून. 1843 मध्ये मुंबईत ख्रिस्ती झालेला हा ब्राह्मण मराठवाड्यात आला आणि मांग वस्त्यांमध्ये राबला. बेथेलला जे मिळालं ते मोठं होतं, हे मी मनापासून मानतो. पण मेहेरबानी देणाऱ्याच्या मर्जीने येते. उद्या दिवाण बदलला तर दाद कुणाकडे मागायची?

म्हणून 1950 साली आलेल्या राज्यघटनेचं मोल मला फार वाटतं. पंचविसाव्या कलमाने धर्म पाळण्याचा आणि त्याचा प्रचार करण्याचा हक्क दिला. कुणाच्या दारात उभं राहण्याची गरज उरली नाही.

पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अनुसूचित जातींचा राष्ट्रपतींचा आदेश निघाला. हिंदूखेरीज कुणालाही अनुसूचित जातीचं मानलं जाणार नाही, असं त्यात होतं. 1956 मध्ये शिखांना वाट मिळाली, 1990 मध्ये बौद्धांना. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित आजही बाहेर आहेत. तेलंगणात त्यांतले ख्रिस्ती मागासवर्गीयांच्या 'बीसी-सी' गटात जातात, आरक्षण 1 टक्का. अत्याचार प्रतिबंधक कायद्याचं संरक्षणही सुटतं. गोंड किंवा कोलाम माणूस ख्रिस्ती झाला तर त्याचा जमातीचा दाखला कायम राहतो; उतनूरच्या जंगलभागात हे कुणालाही माहीत असतं. मग महार-मांगांच्या बाबतीतच धर्म आडवा का येतो? जात मनातून गेली की दाखला आपोआप निरुपयोगी होईल, हे मला कळतं. पण विहिरीवर, लग्नात, भाड्याच्या खोलीत ती गेलेली मी पाहिलेली नाही. माणसाला बाप्तिस्मा झाला तरी गाव त्याला जुन्याच नावाने हाक मारतं.

मित्राचा चुलतभाऊ बौद्ध आहे. दोघांची घरं एकाच वाड्यात, मधे कुडाची भिंत. दोन्हीकडे बाबासाहेबांची तसबीर. मित्राच्या घरी शेजारी एक लाकडी क्रूस, बहरीनहून आणलेला. दोघांच्या मुली यंदा बारावीला. चुलतभावाच्या मुलीच्या दाखल्यावर अनुसूचित जात, मित्राच्या मुलीच्या दाखल्यावर बीसी-सी. परवा दोघी ओसरीवर एकमेकींचे अर्ज भरत बसल्या होत्या. जातीच्या रकान्यापाशी मित्राच्या मुलीने पेन थांबवलं आणि विचारलं, "बाबा, इथे खरं काय लिहू?"

मित्र आत जाऊन पाणी पिऊन आला. "दाखल्यावर आहे ते लिही," म्हणाला.