किल्ली कोण देतो?

ठाण्यास १८५३ साली व कल्याणास १८५४ साली आगगाडी पोहोचली, आणि आम्ही इकडील लोक घड्याळाचे अंकित झालो. किल्ली आम्ही देत असू. धाववीत असे ते आम्हांस! न्यूझीलंडातील डनेडिन येथे मात्र बेव्हर्लीचे १८६४ सालचे घड्याळ किल्लीवाचून चालते. उष्णता कमीअधिक होताच पेटीतील हवा फुगते-आकसते व वजन वर उचलले जाते. हवामान फार काळ एकसारखे राहिले, की ते थांबते. आम्ही तर नित्य एकसारखेपणच मागतो! मनास किल्ली देणारे सुखदुःखाचे चढउतारच नव्हेत काय? परंतु हे तत्त्व प्रत्येकाने स्वतःच्या दुःखास लावावे. शेजाऱ्याच्या दुःखास लावणे हा निष्ठुरपणा होय. त्यास आधारच दिला पाहिजे.